‘सेफ’ हा शब्द आधी खोडा

बसा चौघंही. अहवालाचं शेवटचं प्रकरण उघडा आणि निष्कर्षातलं पहिलं वाक्य मोठ्यानं वाचा. ‘पात्राचं फटीग लाइफ दहा लाख सायकलपेक्षा जास्त असून डिझाइन सेफ आहे.’ हे वाक्य कुणी टाइप केलं ते मला विचारायचं नाही. मुखपृष्ठावर चौघांची नावं आहेत, त्यामुळे वाक्य चौघांचं. आणि ते खोटं आहे.

अहवाल देखणा आहे, यात वाद नाही. पानोपानी रंगीत चित्रं आहेत, आत तांबडं, बाहेर निळं. मेश बारीक केल्यावर उत्तर किती बदललं याचा आलेखही आहे. पण ज्या पात्राबद्दल एवढं लिहिलंत, त्यापाशी जाऊन तुमच्यापैकी एकही जण उभा राहिलेला नाही. सॉफ्टवेअरनं जे दिलं ते उचललं, चिकटवलं आणि खाली ‘सेफ’ लिहिलं. याला आपल्याकडे पाट्या टाकणं म्हणतात. एम.टेक.च्या मुलांनी पाट्या टाकाव्यात, आणि त्याही कुठे? जिथे 2000 बार दाबाशेजारी माणूस उभा राहतो तिथे!

ते यंत्र काय करतं ते आधी नीट समजून घ्या. कोल्ड आयसोस्टॅटिक प्रेस. सिरॅमिकची किंवा कार्बाइडची भुकटी रबराच्या साच्यात भरतात, साचा पात्रातल्या पाण्यात सोडतात, झाकण फिरवून बसवतात आणि पाण्याचा दाब शून्यापासून 2000 बारपर्यंत नेतात. थोडा वेळ धरतात, मग सोडतात. साचा बाहेर, पुढचा साचा आत. पात्राचा आतला व्यास 200 मिलिमीटर, बाहेरचा 400. भिंत 100 मिलिमीटर जाड, अखंड घडीव पोलादाची. एवढं जाड पोलाद पाहिलं की वाटतं, याला काय धाड भरली आहे! तुम्हाला तसंच वाटलं आणि तिथेच तुमचा विचार थांबला. धातू एका मोठ्या भारानं तुटतो, तसा त्याहून पुष्कळ कमी भार पुन्हा पुन्हा दिल्यानंही तुटतो. हे व्होलरनं रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखवल्याला दीडशे वर्षं उलटून गेली. तुम्ही हे परीक्षेत लिहिलंत, मार्कही मिळवलेत.

आता सांगा, दिवसाला किती सायकल? अहवालात दहा आहेत. कुठून आणले? मागच्या वर्षीच्या एका शोधनिबंधातून, हो ना? तो निबंध दुसऱ्या पात्राचा, दुसऱ्या देशातला. काल मी त्या कारखान्यात फोन केला. फोरमननं आढेवेढे न घेता सांगितलं, पाळीला पन्नास आणि पाळ्या दोन. म्हणजे दिवसाला शंभर आणि वर्षाला तीस हजार. फटीगच्या हिशेबात पहिला आकडा हाच. तो विचारायला एक फोन पुरला असता, आणि तो तुम्ही केला नाहीत. उंटावरून शेळ्या हाकायला इंजिनियरिंग शिकावं लागत नाही.

पुढचं याहून वाईट आहे. पाणी आत येण्यासाठी भिंतीत दहा मिलिमीटरचं आडवं छिद्र आहे. तुमच्या मॉडेलमध्ये ते नाही. तळटीप अशी: ‘विश्लेषण सुलभ व्हावे म्हणून लहान वैशिष्ट्ये वगळली आहेत.’ झाकणाच्या आट्याही त्याच तळटीपेत गेल्या. अरे, फटीगची सुरुवात जिथे होते नेमकं तेच तुम्ही काढून टाकलंत! पेशंटचा छातीत दुखणारा भाग झाकून एक्स-रे काढावा, तसं हे झालं. आट्यांमध्ये तर पहिली आटी एकटीच एकूण भाराचा जवळजवळ तिसरा हिस्सा उचलते. तिच्या मुळाशी किती त्रिज्या ठेवली आहे याचा अहवालात उल्लेखसुद्धा नाही.

कागद घ्या, आता इथेच करू. सॉफ्टवेअर नको, लामेची सूत्रं पुरेत. व्यासांचं गुणोत्तर 2. आतल्या पृष्ठभागावरचा हूप स्ट्रेस म्हणजे दाब गुणिले पाच भागिले तीन. 200 मेगापास्कलला 333 आला. त्याच ठिकाणी रेडियल स्ट्रेस उणे 200. दोन्हींतलं अंतर 533. पोलादाचं यील्ड 900 धरलं आहे, त्यावरून तुम्ही 1.7 फॅक्टर ऑफ सेफ्टी काढलात आणि समाधान पावलात. इथवर बरोबर आहे. आता ते छिद्र परत आणा. त्याच्या तोंडाशी हूप स्ट्रेस ढोबळमानानं तिप्पट होतो, म्हणजे 1000 मेगापास्कल. छिद्रातल्या पाण्याचा दाब त्यात मिळवलेलाच नाही, तरी आकडा यील्डच्या वर गेला. तुम्ही ज्या जागेला ‘लहान वैशिष्ट्य’ म्हणालात, तिथे पोलाद पहिल्याच फेरीला कायमचं वाकतं, आणि नंतरच्या प्रत्येक फेरीला ओढलं-दाबलं जातं. हे छिद्र भिंतीत नकोच, पाणी झाकणातून आत घ्या, असा सल्ला देता आला असता. त्या एका सल्ल्यानं तुमच्या सगळ्या चित्रांहून जास्त काम झालं असतं.

छिद्र क्षणभर विसरू. तुमच्या मनासारखा अखंड, गुळगुळीत सिलिंडर घेऊ आणि त्याच्या आतल्या अंगाला एकच मिलिमीटर खोल, लांब उभी भेग आहे असं धरू. का धरायची, असं तुमच्यातल्या एकीनं मागच्या प्रेझेंटेशनला विचारलं होतं. प्रश्न चांगला होता, उत्तराची वाट न पाहता तुम्ही पुढची स्लाइड लावलीत, ते चांगलं नव्हतं. तपासनिसाला जी भेग खात्रीनं सापडत नाही ती आहे असंच धरायचं, हे उत्तर. फोर्जिंगमध्ये कचऱ्याचा कण राहतो, बोअरिंगच्या हत्याराचा ओरखडा राहतो, रबराच्या साच्याची लोखंडी कड्याकडची बाजू आत घासते. पोलाद निर्दोष आहे हे कुणीही सिद्ध करून दिलेलं नाही. दोष अमुक मापापेक्षा मोठा नाही, एवढंच सिद्ध करता येतं.

ही भेग उघडायला हूप स्ट्रेस तर आहेच, शिवाय दाबाखालचं पाणी भेगेच्या आत शिरून तिच्या दोन्ही भिंती रेटतं. म्हणून 333 अधिक 200. पातळ भिंतीच्या टाक्यांमध्ये ही दुसरी संख्या किरकोळ असते म्हणून पुस्तकं ती सोडून देतात, इथे सोडलीत तर संपलात. डेल्टा-के काढा: 1.12 गुणिले 533 गुणिले पाय-एचं वर्गमूळ. सुमारे 33 मेगापास्कल-रूट-मीटर. या जातीच्या पोलादासाठी बार्सम यांचे वाढीचे स्थिरांक तुमच्या वहीत आहेत, ते पॅरिसच्या समीकरणात घाला. प्रत्येक फेरीला भेग मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या एक तृतीयांशाहून थोडी जास्त पुढे सरकते. डोळ्याला काही दिसणार नाही, कानाला काही ऐकू येणार नाही. फ्रॅक्चर टफनेस 110 धरली तर भेग सुमारे 11 मिलिमीटर खोल झाली की पात्र फुटतं. एकपासून अकरापर्यंत जायला किती फेऱ्या लागतात ते इंटिग्रेशन मी केलं आहे, तुम्ही घरी पुन्हा करा. साडेपाच हजारांच्या आसपास येतात. दिवसाला शंभर फेऱ्या. दोन महिनेसुद्धा नाहीत.

दहा लाख कुठे आणि साडेपाच हजार कुठे! मी केलेला हिशेब ढोबळ आहे, तेही सांगतो. भेग खोल जाते तसा स्ट्रेस उतरतो, भेग लांब नसून अर्धलंबगोल असेल तर वेग आणखी कमी होतो, ऑटोफ्रेटाज केलं असेल तर आतल्या थरातला दाबाचा स्ट्रेस भेगेला मिटून धरतो. हे सगळं घेतलं तर आकडा वाढेल, कदाचित बराच वाढेल. मग घ्या की ते! प्रत्येक गोष्ट किती वाढवते ते दाखवा. ऑटोफ्रेटाजचं एक वाक्य तुमच्या अहवालात आहे, पण त्यात आदर्श पोलादाचा अवशिष्ट स्ट्रेस जसाच्या तसा घेतला आहे. खरं पोलाद एका बाजूला ताणलं की उलट बाजूला लवकर नमतं, बाउशिंगर इफेक्ट. त्यामुळे नेमका बोअरच्या पृष्ठभागावर, जिथे संरक्षण सर्वांत जास्त हवं तिथेच, ते कागदावरच्यापेक्षा कमी मिळतं.

‘पण सर, हायड्रो टेस्ट पास आहे.’ हे वाक्य तुमच्या तोंडून मी तीनदा ऐकलं. म्हणून याचाही हिशेब ऐका. टेस्ट 1.25 पट दाबाला झाली. त्या दाबाला जी भेग फुटली नाही ती जास्तीत जास्त किती खोल असू शकते? अकराला 1.25च्या वर्गानं भागा. जवळजवळ सात मिलिमीटर. म्हणजे आत सात मिलिमीटरची भेग घेऊन हे पात्र टेस्ट पास होऊ शकतं, सर्टिफिकेट मिळवू शकतं, त्यावर शिक्का बसू शकतो. सातपासून अकरापर्यंतच्या फेऱ्या सुमारे नऊशे. सर्टिफिकेटची शाई वाळून नऊ दिवस झाले की पात्र फुटेल. टेस्ट खोटी नसते. टेस्टनं त्या दिवसाचं उत्तर दिलं, आणि तुम्ही ते पंधरा वर्षांचं उत्तर म्हणून छापलंत.

कॉमेट विमानांचा धडा मी दुसऱ्याच आठवड्यात शिकवला होता. हजेरीपटावर तुमच्या सह्या आहेत. जगातलं पहिलं जेट प्रवासी विमान. 1954च्या जानेवारीत एक एल्बा बेटाजवळ आणि एप्रिलमध्ये दुसरं नेपल्सजवळ समुद्रात कोसळलं. विमानाचं धड म्हणजेही दाबाचं पात्रच, प्रत्येक उड्डाणाला एक फेरी. एल्बाचं विमान 1,290 उड्डाणांनंतर फुटलं. पण त्याआधी कंपनीनं धडाच्या एका भागावर दाबाच्या सोळा हजारांहून जास्त फेऱ्या घेतल्या होत्या आणि तो टिकला होता! हे कसं झालं? चाचणीसाठी घेतलेल्या त्याच भागावर आधी दुप्पट दाबाची टेस्ट झालेली होती. त्या मोठ्या दाबानं खिडक्यांच्या कोपऱ्यातला धातू थोडा वाकला, दाब सोडल्यावर तिथे मिटवणारा स्ट्रेस राहिला, आणि त्यानं तुकड्याचं आयुष्य अनेक पटींनी वाढवलं. प्रवासी नेणाऱ्या विमानांना ते संरक्षण मिळालंच नव्हतं. फार्नबरोला अख्खं विमान पाण्याच्या टाकीत ठेवून फेऱ्या दिल्या, तेव्हा धड आधीची उड्डाणं धरून 3,057 फेऱ्यांना फाटलं. टेस्ट पास झाली होती, मुलांनो. टेस्ट कसली झाली आणि ती कशाला लागू पडते, हे कुणी विचारलं नव्हतं.

आता ‘20 चा फॅक्टर’. पान उलटा. ‘एएसएमईच्या डिझाइन वक्रात सायकलवर 20 चा फॅक्टर समाविष्ट असल्याने पुरेशी सुरक्षितता आहे.’ हे वाचून मला सर्वांत जास्त राग आला, कारण इथे अभ्यास केल्याचा आव आहे. ते 20 कशाचे बनले आहेत? प्रयोगांतल्या विखुरण्यापोटी 2, मापाच्या फरकापोटी अडीच, पृष्ठभाग आणि वातावरणापोटी 4. गुणाकार करा. प्रयोगशाळेतला तो नमुना बोटाएवढा, आरशासारखा घासलेला, कोरड्या हवेत फिरवलेला. तुमचं पात्र काही टनांचं, हत्याराच्या खुणा असलेलं, पाण्यानं भरलेलं. नमुन्यापासून पात्रापर्यंत यायचं भाडं म्हणजे ते 20. भाडं देऊन झाल्यावर खिशात काय उरलं, हे तुम्ही पाहिलं नाहीत. शिवाय पाण्यात क्लोराइड असेल, पृष्ठभाग गंजत असेल, तर ज्या सपाट रेषेला तुम्ही ‘अनंत आयुष्य’ म्हणता ती रेषा सपाट राहतच नाही.

टेबलावर तो तुकडा ठेवला आहे, हातात घ्या आणि खिडकीजवळ नेऊन पाहा. एका फुटलेल्या हायड्रॉलिक सिलिंडरचा आहे. आतल्या कडेला नखाएवढा एक अर्धगोल दिसतो, बाकी पृष्ठभागाहून वेगळा, गुळगुळीत, किंचित काळसर. तिरपा धरा, त्यात एकाबाहेर एक कमानी दिसतील. सगळ्या कमानींचा मध्य कडेवरच्या एका बारीक ओरखड्यावर येतो, तिथे नख फिरवून बघा, लागतं. तिथून सुरुवात झाली. त्या अर्धगोलाबाहेर सगळं दाणेदार आणि खरखरीत आहे, तेवढं एका क्षणात तुटलं. गुळगुळीत भाग घडायला महिने लागले, आणि त्या महिन्यांत यंत्र रोज चाललं, उत्पादन झालं, कुणाला काही कळलं नाही. तुमच्या रंगीत चित्रात हा नखाएवढा डाग कुठे आहे ते मला दाखवा.

आणि एक. ‘भेग आरपार गेल्यास आधी गळती होऊन सूचना मिळेल.’ हे तुम्ही सिद्ध केलंत? नाही, लिहिलंत. भिंत 100 मिलिमीटर आणि मघाच्या हिशेबात भेग अकरालाच घातक ठरते. ती आरपार पोचणारच नाही, त्याआधी पात्र फुटलेलं असेल. गळती आधी होते हे दाखवता येत नसेल तर एएसएमई कोडच्या डिव्हिजन 3 मध्ये आयुष्य भेगेच्या वाढीवरूनच काढावं लागतं, एस-एन वक्रावरून नाही. कोड तुमच्या टेबलावर होता.

आणि गळती झाली तरी पळायला वेळ मिळतोच असं नाही. 1984च्या जुलैत अमेरिकेत इलिनॉयमधल्या रोमिओव्हिलच्या रिफायनरीत एका ऑपरेटरला टॉवरला दीडशे मिलिमीटरची आडवी भेग दिसली, वायू बाहेर येत होता. तो व्हॉल्व्ह बंद करायला धावला. तेवढ्यात भेग सहाशे मिलिमीटर झाली. अग्निशमनाचे लोक पोचत होते तेव्हा टॉवर फुटला आणि वरचा भाग उडून सुमारे एक किलोमीटरवर जाऊन पडला. 17 माणसं मेली. दाब होता जेमतेम 14 बार. दुरुस्तीचं वेल्डिंग करून नंतर उष्णतेचा उपचार न दिलेला तो सांधा आणि त्यात हायड्रोजनमुळे पडलेल्या भेगा. कुणीतरी त्या दुरुस्तीवरही ‘ओके’ लिहिलंच असेल.

तुमच्या पात्राच्या जवळचं उदाहरण हवं असेल तर त्याच राज्यातलं बेल्व्हिडेर. 7 डिसेंबर 2009. एनडीके क्रिस्टलचा कारखाना, कृत्रिम क्वार्ट्झ वाढवण्याची पन्नास फूट उंच पात्रं. भिंत आठ इंच, म्हणजे तुमच्यापेक्षा दुप्पट जाड. दाब सुमारे 2000 बार, तुमच्याएवढाच, पण तपमान 370 अंश आणि आत कॉस्टिकचं द्रावण. आतल्या पृष्ठभागावर आपोआप एक थर बसतो आणि तो पोलादाला जपतो, असा कंपनीचा भरवसा होता. त्या भरवशावर आतून तपासणी झालीच नाही. 2007 मध्ये तिथल्याच दुसऱ्या एका पात्राच्या झाकणातून गळती झाली होती, तरी नाही. भेगा वाढत राहिल्या आणि पात्र फुटलं. इमारतीचा एक लोखंडी भाग उडून जवळजवळ दोनशे मीटरवर महामार्गाच्या विसाव्यावर गेला आणि तिथे थांबलेल्या एका ट्रक ड्रायव्हरला लागला. तो गेला. त्या माणसाचा त्या कारखान्याशी काडीचा संबंध नव्हता. आठ इंच जाडीमुळे आपलं पात्र फुटणार नाही, असं तिथेही कुणाला तरी वाटत होतं.

आपल्याकडे हे दूरचं आहे असं समजू नका. संध्याकाळी घरी जाताना रिक्षानं जाता ना? सीएनजीवरच्या त्या रिक्षात 200 बारचा सिलिंडर असतो, आणि रिक्षावाला दिवसातून एकदा, कधी दोनदा गॅस भरतो. प्रत्येक भरणं ही एक फेरी. असे सिलिंडर देशभर रस्त्यांवर आहेत, आणि ते मंजूर करणारी पेसो ही संस्था आपल्या नागपुरात आहे. त्या सिलिंडरांना ठरावीक मुदतीनं तपासायचा नियम कुणाच्या लहरीनं झालेला नाही. भेग किती वेगानं वाढते आणि कितीपर्यंत चालते, हे आधी कुणीतरी बसून काढलं आहे. तुम्ही तीन महिन्यांत ते काढलंच नाहीत.

आयुष्य म्हणजे एक आकडा लिहून मोकळं होणं नव्हे. अमुक मापाची भेग असू शकते, इतक्या फेऱ्यांत ती इतकी होईल, म्हणून त्याच्या निम्म्याच्या आत पात्र उघडून या जागी, या पद्धतीनं पाहा, असं सांगता आलं पाहिजे. पद्धतही नेमकी हवी. बाहेरून अल्ट्रासोनिक प्रोब फिरवून आडव्या छिद्राच्या तोंडाची भेग सहजासहजी सापडत नाही, बोअरमध्ये मॅग्नेटिक पार्टिकल करावं लागतं. त्यासाठी पात्र रिकामं करून कोरडं करावं लागेल, एक पाळी बंद ठेवावी लागेल. मॅनेजर कुरकुर करेल. तेव्हा त्याच्यापुढे ठेवायला तुमच्याकडे आकडा हवा, नुसतं ‘सेफ’ नको.

वाईट वाटलं असेल तर वाटू द्या. तुम्ही चौघंही हुशार आहात, म्हणूनच एवढा वेळ बसवलं. ज्याला काही येत नाही त्याचा अहवाल मी दोन ओळींत परत करतो.

सोमवारी सकाळी आठच्या पाळीला कारखान्यात जा. फोरमनशी बोलणं झालं आहे, तुमची वाट पाहतील. प्रेसच्या पॅनेलवर सायकल काउंटर आहे, त्याचा आकडा लिहून घ्या आणि तो बसवल्यापासून कधी शून्यावर आणला का ते विचारा. लॉगबुकमध्ये दाब 2000च्या वर गेल्याच्या नोंदी शोधा. छिद्राच्या तोंडाशी कड गोल केली आहे की तीक्ष्ण, ते झाकण उघडलेलं असताना बोट लावून पाहा. शेवटची मॅग्नेटिक पार्टिकल कधी झाली, कुणी केली, रिपोर्ट कुठे आहे. पाणी कुठलं वापरतात, त्याचा नमुना बाटलीत घेऊन या. आणि ऑपरेटर साचा काढताना नेमका कुठे उभा राहतो, तिथून झाकण किती फुटांवर आहे, तेही टेपनं मोजून आणा.